छानकाकांचा खण

छानकाकांना ते नाव मी दिलं. आमचा कॅशिअर अजून सांगत फिरतो की त्यानं दिलं, पण त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. तो फक्त खुनाच्या कादंबऱ्या वाचतो आणि श्रेय दिसेल तिथे हात मारतो.

आमचं पुस्तकांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे पॅकिंगची खोली. छानकाका त्या मागच्या खोलीतले. आलेले गठ्ठे सोडायचे, पुस्तकं बिलाशी ताडून पाहायची, बाहेरगावची पार्सलं बांधायची, ही त्यांची कामं. आमच्याकडे येण्याआधी ते एका कापडाच्या दुकानात होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी गिऱ्हाइकाच्या खांद्यावर कापड टाकून "छान दिसतंय" म्हणण्यात घालवली होती आणि ती सवय येताना बरोबर घेऊनच आले. डबा कसा होता? छान. पंखा बंद पडलाय, उकडतंय ना? नाही हो, छान आहे. एकदा मी मुद्दाम त्यांना माझ्या घरची अशी कादंबरी वाचायला दिली, की जी छापणाऱ्यानंसुद्धा शेवटपर्यंत वाचली नसेल. दोन दिवसांनी परत आणून दिली. "छान आहे," म्हणाले. मी कमरेवर हात ठेवून बघत राहिले, तेव्हा जरा अडखळले आणि म्हणाले, "कागद छान आहे."

त्यांची बायको शिवणकाम करते. कधीमधी दुकानात येते, तेव्हा आम्ही तिला काकू म्हणतो आणि चहा पाजतो. ती एकदा मला म्हणाली, "मीठ विसरले तरी छान, दोनदा पडलं तरी छान. इतकी वर्षं संसार केला, पण मला स्वयंपाक येतो की नाही, हे मला अजून कळलेलं नाही बघ."

आता कोणी म्हणेल, असा माणूस वाचत काय असणार? तर आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त वाचायचे. पण विकायचं पुस्तक त्यांनी कधी घरी नेलं नाही. त्याला आपला हात लागला, पान दुमडलं, तर गिऱ्हाइकाला जुनं पुस्तक गेल्यासारखं होईल, असं त्यांचं म्हणणं. गठ्ठ्यात एखादी प्रत खराब निघते. कव्हर फाटलेलं असतं, कोपरा चेपलेला असतो, पानं उलटी लागलेली असतात. अशी प्रत प्रकाशकाला कळवून बाजूला ठेवतात. छानकाका मालकीणबाईंना विचारून तेवढी घरी न्यायचे. मला वाटतं, माणूस आयुष्यभर फाटकी पुस्तकं वाचत राहिला की नावं ठेवायचं विसरूनच जातो.

आमच्या दुकानात दाराशी एक कपाट आहे, त्यावर पाटी आहे, "आमच्या शब्दावर". मालकीणबाईंच्या वडिलांनी ते सुरू केलं. दुकानातल्या प्रत्येक माणसाला त्यात एक खण. त्या खणात त्यानं स्वतः वाचलेली, आवडलेली एक नवी कादंबरी ठेवायची आणि का आवडली ते स्वतःच्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून लावायचं. नियम दोनच. पहिला, कादंबरी शेवटच्या पानापर्यंत वाचलेली पाहिजे. दुसरा जरा जाचक आहे. कपाटाशेजारी एक स्टूल असतं. आमच्या शब्दावर पुस्तक नेलं आणि आवडलं नाही, तर गिऱ्हाइकानं यायचं, त्या स्टुलावर बसायचं आणि ज्याची चिठ्ठी त्याला चार शब्द सुनवायचे. त्यानं चहा मागवायचा, समोर उभं राहायचं आणि ऐकून घ्यायचं. वाद घालायचा नाही. मी त्या स्टुलासमोर जितकं ऐकून घेतलंय, तितकं सासरीसुद्धा ऐकून घेतलेलं नाही.

छानकाकांना खण नव्हता. नियमानं मिळायला हवा होता, पण मालकीणबाई देत नव्हत्या. त्यांना तो हवा होता, हे सगळ्यांना दिसायचं. दुकान उघडायच्या आधी पॅकिंगचा माणूस येऊन दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या सरळ करतो, खणातली धूळ पुसतो, तेव्हा ते काय धुळीसाठी करतो होय? एकदा धीर करून त्यांनी विचारलं. मालकीणबाई तोंडाच्या फटकळ, पण वाईट नाहीत. म्हणाल्या, "काका, तुम्हाला न आवडलेलं एक तरी पुस्तक सांगा." काका बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "नाही बुवा." मालकीणबाई म्हणाल्या, "मग तुमच्या आवडण्यावर मी गिऱ्हाइकाला पुस्तक कसं घ्यायला सांगू?" काका म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि मागे जाऊन पार्सलं बांधायला लागले. मला इतका राग आला! मालकीणबाईंचा नव्हे, काकांचा. निदान फणकारायचं तरी.

आणि मग ती लाँड्रीची कादंबरी आली.

लेखिकेचं पहिलंच पुस्तक होतं. दोघी बहिणी मिळून लाँड्री चालवतात. काहीतरी बिनसतं आणि थोरली निघून जाते. धाकटी एकटीच इस्त्री फिरवत राहते, कोणाशी धड बोलत नाही. वर्षं जातात. थोरली परत येते आणि समोरच्या फुटपाथवर उभी राहते. गठ्ठ्यातल्या एका प्रतीचं कव्हर फाटलेलं निघालं. ती छानकाकांनी घरी नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या खोलीत न जाता थेट माझ्या काउंटरशी आले. "ताई, तुम्ही ही वाचाच," म्हणाले. छान आहे म्हणालेच नाहीत. मी हातातलं काम खाली ठेवलं. ते सांगायला लागले. शेवटी थोरली रस्ता ओलांडते, शटर अर्धं खाली असतं, आत दिवा असतो, इस्त्रीचा आवाज येत असतो. "आणि शेवटचं वाक्य काय माहीत आहे? 'तिनं शटरवर हात ठेवला, आणि'. बस्स! तिथेच संपतं. पूर्णविरामसुद्धा नाही. धाकटीनं शटर उघडलं का नाही, तुम्ही ठरवा. मी घरी जिना चढताना तेच ठरवत होतो, जेवताना तेच. तुमची काकू म्हणाली, मिठाचं सांगा. मी म्हटलं, मीठ राहू दे."

कॅशिअर पैसे मोजता मोजता थांबला. मालकीणबाई आतून बाहेर आल्या. इतकी वर्षं ज्याच्या तोंडून एकच विशेषण निघालं, तो माणूस हातवारे करत बोलत होता. मालकीणबाईंनी एक खण रिकामा करवला आणि कोरी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. काकांनी लिहिलं, "या कादंबरीचं शेवटचं वाक्य लेखिकेनं अर्धंच सोडलं आहे. उरलेलं मी अजून मनात पूर्ण करतो आहे." काकू शिवणयंत्र सोडून ती चिठ्ठी बघायला आली. वाचली, मग डोळे पुसले आणि मला म्हणाली, "अक्षर तरी छान आहे, नाही?"

चिठ्ठीच अशी होती, की वाचणाऱ्याला पुस्तक हातात घ्यावंसं वाटावं. कादंबरी धडाधड जायला लागली. छानकाका पार्सल बांधता बांधता दारातून डोकवायचे आणि कोणी त्या खणाशी थांबलं की पुन्हा आत पळायचे. मी आपली मनातून खूश होते.

मग एके दिवशी दातांचे डॉक्टर आले. हे आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. एरवी गोड बोलतात, त्या दिवशी थेट स्टुलावर जाऊन बसले. काकांना बोलावणं गेलं. पहिलीच तक्रार होती. काकांनी शर्ट नीट केला, चहा मागवला आणि समोर येऊन उभे राहिले.

"कुठलं हो अर्धं वाक्य?" डॉक्टर म्हणाले. "मी दोनदा शोधलं. माझ्या पुस्तकात सगळी वाक्यं पूर्ण आहेत. बहीण शटर उघडते, दोघी रडतात, भाची परत येते, नवीन मशीन येतं आणि जागामालक भाडंसुद्धा वाढवत नाही. तुम्ही नक्की हीच कादंबरी वाचली ना?"

काका मागे गेले आणि फाटक्या कव्हरची आपली प्रत घेऊन आले. मी डॉक्टरांची आणि काकांची प्रत शेजारी धरून शेवटची पानं उलटली. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुडग्यांनी बांधतात. त्या जुडग्याला फर्मा म्हणतात. काकांच्या प्रतीत शेवटचा फर्माच नव्हता. बांधणाऱ्यानं लावायचा राहून गेला होता. एरवी काका खराब प्रत पानन् पान तपासून नेतात. पण हिचं कव्हर फाटलेलं दिसलं, म्हणजे खराबी सापडली, असं ते धरून चालले. ज्या शेवटानं त्यांची झोप उडवली होती, तो कोणी लिहिलाच नव्हता.

डॉक्टर मात्र भला माणूस. चहा संपवून, "जाऊ द्या हो, होतं असं," म्हणून गेले. पण मालकीणबाईंचा चेहरा उतरला होता. काका पॅकिंगच्या टेबलाशी उभे राहून उरलेली सोळा पानं वाचत होते. मी दारातच थांबले. वाचून झाली तशी विचारलं, "कशी आहेत?"

"छान आहेत," ते म्हणाले. पण ते छान मी ओळखत होते. तसं छान पंखा बंद पडल्यावरचं असतं.

नियमाप्रमाणे चिठ्ठी निघाली. शेवटच्या पानापर्यंत न वाचलेली कादंबरी खणात राहू शकत नाही. मालकीणबाईंनी ती स्वतः काढली आणि कधी नव्हे ते मऊ आवाजात म्हणाल्या, "काका, तुमची चूक नाही, पण नियम आहे. आणि खरं सांगते, मी खण दिला तेव्हा वाटलं होतं, तुमचं स्वतःचं मत मला ऐकायला मिळालं. ते तर बाइंडरचं निघालं." काका म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." पुन्हा तेच! मी त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांवर विनाकारण खेकसले.

रिकामा खण तसाच राहिला. काका आता सकाळी चिठ्ठ्या सरळ करायला येईनासे झाले. काकूचा मला फोन आला, "हे डबा न उघडता परत आणतात, आणि विचारलं तर म्हणतात, छान होता. काय झालंय तिकडे?" काय सांगणार तिला!

मालकीणबाईंनी खराब प्रतीचं प्रकाशकाला कळवलं होतं. तिथून गोष्ट लेखिकेच्या कानावर गेली, आणि एका दुपारी हातात हेल्मेट घेतलेली एक बाई दुकानात शिरली. "ती अर्ध्या वाक्याची चिठ्ठी कोणाची?" तिनं विचारलं आणि कोणी सांगायच्या आत स्टुलावर बसली. ती स्वतः लेखिका. रागानं नुसती लाल झालेली. काकांना बाहेर यावंच लागलं. खण नसला म्हणून काय झालं, पुस्तकं त्यांच्या शब्दावर गेली होती.

"माझ्या ऑफिसातल्या लोकांनी तुमच्या दुकानातून पुस्तक घेतलं, त्या राहून गेलेल्या फर्म्याचा किस्साही ऐकला," ती म्हणाली. "आणि आता मला सांगतात, शेवटची सोळा पानं आम्ही वाचतच नाही, तुझं पुस्तक आधीच संपतं. काका, ती सोळा पानं मी कशी लिहिली माहीत आहे तुम्हाला?"

काकांनी चहा मागवला. नियमच तसा.

तिनं सांगितलं. तिची आई आजारी होती. ही दवाखान्यात तिच्या उशाशी बसून रोज लिहिलेलं वाचून दाखवायची. थोरली शटरपाशी येऊन उभी राहते, तिथवर गोष्ट आली आणि पुढे काय लिहावं ते हिला सुचेना. आई म्हणाली, "अगं, एवढ्या लांबून आणलंस तिला, आता उघड की ते शटर." मग हिनं तिथेच बसून शेवट लिहिला. आईनं तो ऐकला. हसली. म्हणाली, आता बरं वाटलं. पुस्तक छापून आलं, तेव्हा आई नव्हती.

कॅशिअरनं रुमाल काढला. त्याच्या कादंबऱ्यांत इतके खून होतात, तरी तिथे तो कधी काढत नाही. आणि मी मनात म्हटलं, आता काका म्हणणार छान आहे, बरोबर आहे तुमचं. कोणीही म्हटलं असतं. मी तर म्हणून टाकलं असतं.

काकांनी आधी पाणी आणून तिला दिलं. मग म्हणाले, "ताई, आईंना ते वाचून दाखवलंत, फार चांगलं केलंत. मीही तेच केलं असतं." हात एकमेकांत गुंतवले, सोडवले. "पण पुस्तकात मला ती पानं आवडली नाहीत."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मालकीणबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"काय नाही आवडलं?" लेखिका म्हणाली. आवाज धारदार होता.

"धाकटी फार बोलते," काका म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "पूर्ण पुस्तकभर ती बोलत नाही. राग आला की इस्त्री जोरात आपटते, एवढंच. मला ती तशीच ओळखीची झाली होती. आणि शटर उघडल्यावर ती तीन पानं सलग बोलते. सगळं समजावून सांगते. मला वाटलं, ही कोणी दुसरीच बाई आहे. मला राग आला."

"माणूस इतक्या वर्षांनी भेटल्यावर बोलणार नाही?"

"कोणी बोलेल. ती नाही बोलणार."

"तिला मी ओळखते की तुम्ही?"

"तुम्ही तिला जन्म दिलात," काका म्हणाले, "पण मीही तिच्याबरोबर राहिलोय ना."

मग जी जुंपली! ती म्हणे, साठलेलं एकदम बाहेर पडतं. हे म्हणत, पडेना का, पण वाक्यं इतकी नीट कशी पडतात. ती म्हणे, तुम्हाला सुखाचा शेवट सोसत नाही. हे म्हणत, सोसतो हो, शटर उघडू दे की, पण भाडं तरी वाढवा थोडं. यावर ती हसली. हसू आवरायला गेली आणि तिला जास्तच हसू आलं. चहा गार झाला होता, मी दुसरा मागवला. दोघांपैकी कोणीही तसूभर मागे हटलं नाही. जाताना ती म्हणाली, "मी एक अक्षर बदलणार नाही." काका म्हणाले, "बदलू नका. ते आईंचं आहे. पण मला नाही आवडणार." तिनं ती फाटकी प्रत मागून घेतली, शेवटचं पान उघडलं आणि बराच वेळ त्या अर्ध्या वाक्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "ही मी नेऊ?"

"नाही," काका म्हणाले. "ही माझी आहे."

ती गेल्यावर काका मटकन त्याच स्टुलावर बसले. कपाळावर घाम होता. "फार बोललो का हो मी?" त्यांनी मला विचारलं. मी काही बोलणार, एवढ्यात मालकीणबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"स्टुलावरच्या माणसाशी वाद घालायचा नसतो, काका. माझ्या वडिलांचा नियम आहे."

"हो. चुकलंच."

"उद्यापासून मोडू नका." आणि कोरी चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवून त्या आत निघून गेल्या.

त्या चिठ्ठीवर काकांनी काय लिहावं, यासाठी आम्ही सगळ्यांनी सल्ले दिले. त्यांनी एकही ऐकला नाही. लिहिलं ते असं: "पूर्ण वाचली. जवळजवळ सगळी कादंबरी मला फार आवडली. शेवटचं प्रकरण आवडलं नाही, लेखिकेशी भांडलो. दोघीही बहिणी अजून माझ्या घरी आहेत. तुम्ही वाचा आणि कोणाचं बरोबर ते मला येऊन सांगा." आता लोक पुस्तक आवडलं तरी त्या स्टुलावर येऊन बसतात. दातांचे डॉक्टर लेखिकेच्या बाजूनं आहेत. कॅशिअर काकांच्या बाजूनं आहे, पण त्याचं म्हणणं असं, की धाकटीचा खून व्हायला हवा होता. लेखिकाही अधूनमधून येते. नव्या पुस्तकाची पानं आणून काकांना वाचायला देते, आणि ते परत देतील तेव्हा आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघते.

काकूही परवा येऊन गेली. चेहऱ्यावर राग होता, पण डोळे हसत होते. "भाजीत मीठ जास्त झालंय म्हणाले!" ती भर दुकानात म्हणाली. "ऐकलंत का? जास्त झालंय म्हणाले! आणि वर म्हणाले, गेली कित्येक वर्षं जरा जास्तच पडतंय." आणि मग पदर तोंडाला लावून जी हसत सुटली ती थांबेचना.

आज सकाळचीच गोष्ट. माझ्या खणात मी एक नवी कादंबरी ठेवली होती. खूप मनापासून चिठ्ठी लिहिली होती, दोनदा फाडून. एक मुलगी ती हातात घेऊन उभी होती, घ्यावी की न घ्यावी अशी. काका पार्सल घेऊन तिच्यामागून चालले होते. तिनं त्यांनाच विचारलं, "काका, ही कशी आहे हो?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, डोळे मोठे केले, जेवढं करता येईल तेवढं केलं.

"ताईंना फार आवडली आहे," ते म्हणाले. "मला नाही."